केस गळतायत, पण तू टेन्शन घेऊ नकोस

आई,

परवा व्हिडिओ कॉलवर माझा भांग बघून तू एकदम गप्प झालीस ते कळलं मला, आणि मग रात्री तुझा मेसेज की अजून महिनाभर थांबायला हवं होतं, मी गेले आणि पोरीचे खायचे हाल झाले. तसं काही नाहीये गं. पोटात बाळ असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं त्यामुळे रोजचे गळायचे केसही डोक्यावर टिकून राहतात, म्हणून तर डोहाळजेवणाला माझी वेणी बघून मावशी दृष्ट काढत होती. डिलिव्हरी झाली की ते झपकन उतरतं आणि ते सगळे थांबलेले केस गळायच्या रांगेत लागतात, पण प्रत्यक्ष गळतात दोन ते चार महिन्यांनी. म्हणजे तू इथे लीड्सला माझ्याकडे होतीस तेव्हा त्यांची वेळच झाली नव्हती, तू विमानात बसलीस आणि ती झाली. तू इथे असतीस तरी गळलेच असते, वर घरभर पुंजके झाडून तूच वैतागली असतीस.

आणि आत्याला सांग की अंगावर पाजल्याने केस जात नाहीत, वरचं दूध सुरू कर वगैरे नको.

तरी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवलं. बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा येतात म्हणाली, पण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो म्हणून रक्त तपासलं. थायरॉइड नॉर्मल, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कमी. आयर्नच्या गोळ्या चालू केल्यात, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत त्यामुळे सकाळचा चहा लांबतो, माझा खरा छळ तो आहे. वहिनीने केसांसाठी सांगितलेलं बायोटिन व्हिटॅमिन मी टेस्टच्या आधीच बंद केलं होतं, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

मला धास्ती आहे ती वेगळीच. गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला तर आवळत जातो, बोट सुजतं, रक्त अडतं, म्हणून मोजे उलटे करून बघते आणि उगाच रडायला लागली की आधी बोटं तपासते. तिचेही मागचे केस घासून गेलेत, आजी लगेच जावळ काढा म्हणेल, तिला जरा आवर.

कपाळाशी बारके केस उगवायला लागलेत, विंचरले तरी उभेच राहतात, जावई हसतो.

काकू येतेय तिच्याबरोबर अळीव पाठव, भरपूर. माक्याचं तेल नको, बॅगेत सांडतं.

तुझी,
चिऊ