शाहूपुरीतल्या लॅबवाल्या काकांना

काका, काल थिसिस सबमिट झाला. जांभळाच्या बियांचा अर्क आणि उंदरांचं लिव्हर, तोच विषय जो ऐकून तुम्ही विचारलं होतं, "मग आता पिणाऱ्यांनी बिया चघळायच्या काय?" नाही ओ काका, उंदरांवरचं काम आहे, आणि लिव्हर आम्ही दारूनं नाही, पॅरासिटामॉलचा मोठा डोस देऊन बिघडवलं होतं.

मी तुमच्याकडं आले तेव्हा पायलटचे, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी प्रयोगाचे, सहाही सँपल वाया गेलेले. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी, पिवळसर दिसायला पाहिजे तिथं कोकम सरबत झालेलं. त्याआधी एका चकाचक लॅबनं तेच सँपल घेऊन, पैसे घेऊन, आकडे छापून दिले, सँपल लाल आहे एवढं सांगायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही. आणि आमचा एक सिनियर म्हणतो, मागच्या बॅचच्या थिसिसमधले आकडे घे की, थोडे पुढंमागं कर, कोण बघतंय! दाभोळकर कॉर्नरला रिक्षाची वाट बघत रडले मी त्या दिवशी, खोटं कशाला सांगू.

तुम्ही ट्यूब उजेडाकडं धरली आणि म्हणाला, "पोरी, हे मशीनला लावू नको. तांबड्या पेशी फुटल्या की त्यातलं एसजीओटी, लिव्हर बिघडलंय का बघायला मोजतात तेच एन्झाइम, बाहेर येतं. मशीन सांगणार लिव्हर गेलं, आणि खरं म्हणजे गेलेला असणार तुझा हात."

मग तुम्ही शर्टाची बाही वर केलीत. माझा हात एवढा थरथरत होता की पहिल्यांदा शीर सापडलीच नाही, दुसऱ्यांदा टोचलं, तरी तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत निवांत बसलेला. अर्धं रक्त मला बारीक सुईतनंच जोरात ढकलायला लावलं, उरलेलं सुई काढून, ट्यूब तिरकी धरून, काचेवरनं हळूहळू सोडायला सांगितलं. गोठेपर्यंत चहा पाजला. सेंट्रीफ्यूजमधनं काढलं तर एक कोकम आणि एक लख्ख पिवळं, माणूस एक, शीर एक. दोन्ही मशीनला लावलं, लाल ट्यूबमधलं एसजीओटी चढलेलं. "बघ," तुम्ही म्हणाला, "लिव्हर एकच हाय, माझंच."

हे मला दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, आणि स्वतःच्या हातातनं तर कुणीच शिकवलं नसतं.

पुढच्या बॅचला एकपण सँपल लाल आलं नाही. जास्त डोसच्या ग्रुपमध्ये एसजीपीटी, लिव्हर बिघडलं की वाढणारं दुसरं एन्झाइम, चांगलं उतरलं, पण सिलिमारिनएवढं नाही (ते लिव्हरचं औषध पण एका काटेरी झाडाच्या बियांतनंच काढतात, तुम्हाला सांगायचं राहिलं). कमी डोसनं फारसा फरक नाही. जसं आलं तसं लिहिलंय. गाईड म्हणाले कमी डोसचा ग्राफ जरा बरा दिसला असता, मी म्हटलं सर, असा आलाय.

आभाराच्या पानावर तुमचं नाव घालणार होते तर तुम्ही हात जोडलेत, नको बाळ, मालक चिडतील. म्हणून हे पत्र बिननावाचं. परवा बाइंडिंगची प्रत दाखवायला येते. त्या दिवशी कोपरापाशी निळं पडलेलं ते काकूंना काय सांगितलंत, ते मात्र आल्यावर सांगा.