टॅरोच्या डब्यावर कागदाची माहिती छापा

संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांमधून टॅरोचं साप्ताहिक भविष्य येतं, ते वाचून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी स्वतःचे पत्ते घ्यायला लागल्यात, पण ते पत्ते कसल्या कागदाचे असावेत यावर कुणीच काही लिहीत नाही. डबा सीलबंद, दुकानदार उघडू देत नाही आणि वर नुसतं चित्र, जीएसएम (कागदाचं वजन) नाही, फिनिश (वरचा पोत) नाही, काहीच नाही.

टॅरोत ७८ पत्ते असतात आणि ते रमीच्या पत्त्यांपेक्षा बरेच मोठे, साधारण ७ बाय १२ सेंटीमीटर, त्यामुळे कागद फार जाड असला की अख्खा कॅट हातात मावतच नाही. ४०० जीएसएमचा दिसायला एकदम भारी पण पिसताना मनगट भरून येतं, मला ३०० ते ३५० मधला बरा वाटतो. तरी नुसत्या आकड्यावर जाऊ नये. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, पत्ता थोडा वाकवून सोडला की परत सरळ होतो का हे त्यातून कळत नाही. चांगल्या पत्त्यात दोन कागद मध्ये काळसर थर देऊन चिकटवलेले असतात, उजेडात धरला तरी पलीकडचं चित्र दिसत नाही.

आणि आपल्या मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात. कापलेल्या कडेवर लॅमिनेशन नसतं, हवेतला ओलावा तिथूनच आत शिरतो, पत्त्याला बाक येतो, मग कडेचे पापुद्रे सुटतात. ग्लॉसी पत्ते दमट हवेत आणि घामाच्या हातात एकमेकांना चिकटून बसतात, मॅट बरे, आणि लिनन फिनिश, म्हणजे कापडासारखा बारीक खळग्यांचा पोत, मला सगळ्यात आवडतं कारण त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ते सुटे सरकतात. सोनेरी कडांवर मात्र उगाच पैसे घालवू नयेत, वापरून वापरून तो रंग बोटांना लागतो. सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांना, लाखेचा थर द्यायचे, कोकणातल्या दमट हवेत हात लागून लागून पत्ता टिकायला हवा तर असं काहीतरी लागणारच ना.

लंडनच्या रायडर कंपनीने पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा कॅट १९०९ च्या डिसेंबरात काढला आणि मार्च १९१० च्या मोठ्या छपाईला आणखी चांगला कागद वापरला. म्हणजे कागदाचा विचार तेव्हापासून होतोय, मग आज इथे फुटपाथवर आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पातळ कॉप्यांवर एक ओळ छापायला काय हरकत आहे?

प्रकाशकांनी डब्यावर जीएसएम, थर आणि लॅमिनेशन लिहावं, दुकानदारांनी प्रत्येक कॅटचा एक सुटा पत्ता काउंटरवर ठेवावा, गिऱ्हाइकाला हात लावून बघू द्यावं. तुमच्या पुरवणीतही भविष्याच्या शेजारी कधीतरी एवढी माहिती द्या ही विनंती.

– एक वाचक, गोरेगाव