बाळाच्या खोलीतला धूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत समोरासमोरच्या पानांवर दोन लेख आले आहेत. एकात घरातली हवा शुद्ध राखायला कोणतं यंत्र घ्यावं, कुंडीत कोणती झाडं लावावीत याची माहिती आहे. दुसऱ्यात तान्ह्या बाळाला देतात त्या धुरीचं भरभरून कौतुक. ‘धुरीने बाळाचा कफ सुटतो’ हे वाक्य तर चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंय. आमच्या शेजारची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. तिच्या आईने ती चौकट कात्रीने कापून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली मी काल संध्याकाळी पाहिली. रात्रभर ती डोळ्यांसमोरून हलली नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. पाच वर्षांखालच्या आजारी मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून मोजायचा, हे आमचं रोजचं काम. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. चूल आणि पाळणा एकाच खोलीत असलेल्या कितीतरी घरांत मी आयांना सांगत आले, ‘बाई गं, पाळणा तिथून हलव, नाहीतर भाकरी होईपर्यंत पोराला बाहेर कुणाजवळ तरी दे.’

आणि माझ्याच घरात मला ते जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली. मालिशवाल्या मावशी रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालायच्या. आंघोळ झाली की धुपाटण्यात गोवरीचे निखारे आणि त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल. मग बाळाला हातांवर पालथं घेऊन त्या धुरावर धरायचं. पहिल्याच दिवशी मी बोलले. सासूबाई म्हणाल्या, ‘माझी पाच पोरं याच धुरीवर वाढली. तुझा नवरा त्यातलाच.’ त्या ८४ वर्षांच्या. पणतू मांडीवर घेताना त्यांचा चेहरा कसा फुलायचा, ते मी रोज बघत होते. मी गप्प बसले. रात्री त्याच खोलीत डासांसाठी कॉइल लागायची, तीही मी विझवली नाही.

बाविसाव्या दिवशी नातवाने दूध ओढणं सोडलं. अंगावर घेतलं की दोन घोट घ्यायचा, सोडायचा आणि रडायचा. मी त्याचं झबलं वर केलं आणि मोजायला बसले. ६८. पुन्हा मोजले. ६६. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. तासाभरात आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे पोहोचलो. टेबलावर सिस्टरनी दुपटं सोडलं आणि ओव्याच्या, गोवरीच्या धुराचा वास सगळ्या खोलीत पसरला. डॉक्टरांनी तपासता तपासता एवढंच विचारलं, ‘धुरी देता का?’ मी इतकी वर्षं काय काम केलं, हे त्यांना माहीत होतं. मला मान वर करता आली नाही.

पाच दिवस ऑक्सिजन लागला. नळी जागेवर राहावी म्हणून गालाला लावलेली चिकटपट्टी बदलताना कोवळी कातडी लाल व्हायची आणि रडायचीही ताकद नसल्यामुळे तो नुसता तोंड वाकडं करायचा. घरी आल्यावर त्याचं लोकरीचं टोपडं मी तीनदा धुतलं, तरी नाकाशी धरलं की धुराचा वास यायचाच.

मी सगळं खापर धुरीवर फोडत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुखणं विषाणूचं आहे, घरातल्या कुणाच्या तरी सर्दीतून आलं असणार. पण आधीच सुजलेल्या, काडीएवढ्या श्वासनळ्यांत दोन्ही वेळा धूर जात राहिला की साधी सर्दीही छातीत उतरते. मग कफ सुटतो हे लेखिकाबाईंनी कशावरून लिहिलं? धूर लागला की बाळ शिंकतं, खोकतं, त्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी येतं. ते पाणी बघून आपण म्हणायचं, बघा कफ मोकळा झाला. माझ्या देखत मावशी रोज हेच म्हणायच्या.

जन्मतः फुप्फुसं पुरी तयार झालेली नसतात, बहुतेक वायुकोश जन्मानंतरच बनतात. वजनाच्या मानाने बाळ मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त हवा आत घेतं. गोवरी धुमसते तेव्हा धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला ना वास ना रंग, आणि बंद खोलीत तो साचतो. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली, त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा मुख्यतः चुलीचा धूर. बायका-पोरांना तो लागू नये म्हणून तर २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस दिला गेला. स्वयंपाकघरातून बाहेर काढलेला धूर आपण हाताने बाळाच्या खोलीत नेऊन ठेवतो आणि तुमचं वर्तमानपत्र त्याचे गोडवे गातं, याचा मला संताप येतो.

‘पूर्वी द्यायचेच की’ असं तुमचे बरेच वाचक म्हणतील. माझ्या आजोळच्या घराला कौलं होती, भिंतींना झरोके होते, धूर वाट काढून जायचा. आता वर स्लॅब आणि खिडक्यांना सरकत्या काचा. आणि पूर्वीची सगळी बाळं जगलीच, असं कुणी सांगितलं? माझ्या सासूबाईंचीच सात बाळंतपणं झाली. धुरीवर वाढलेली पाच त्या मोजतात, उरलेल्या दोघांबद्दल बोलत नाहीत. ती कशाने गेली हे आता कुणालाच ठाऊक नाही, मीही त्यांना कधी विचारलं नाही.

आता समोरच्या पानाबद्दल. घरातल्या हवेवर एवढा मोठा लेख, पण कॉइलबद्दल चकार शब्द नाही. एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण निघतात, तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, हे २००३ सालच्या संशोधनात दिसून आलं आहे. बाळाजवळ कुणी विडी ओढली तर आपण त्याला हाकलून देतो, आणि कॉइल मात्र पाळण्याखाली सरकवतो. कुंड्यांचं म्हणाल, तर झाडं घरातली हवा शुद्ध करतात असं ज्याच्या आधाराने सांगतात, तो ‘नासा’चा गाजलेला प्रयोग १९८९ सालचा. झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवून केलेला. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये फेरआढावा घेतला गेला, तेव्हा असं निघालं की खऱ्या घरात बाहेरची हवा आत-बाहेर खेळून जेवढी शुद्धी एरवीच होते, तेवढी झाडांनी व्हायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. म्हणजे बाळाची गादी ठेवायलाही जागा उरायची नाही. यंत्र किती घरांना परवडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मच्छरदाणी मात्र बहुतेकांना परवडते. न्हाऊ झाल्यावर केस मऊ पंच्याने कोरडे करून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून पांघरूण घातलं, तर धुरीपेक्षा चांगली ऊब मिळते. खिडकी थोडी उघडी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

नातू आता दोन वर्षांचा आहे. खेळतो, बोलतो. सर्दी झाली की मात्र रात्री छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते आणि कपाटातलं नेब्युलायझर काढावं लागतं.

माझी विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक चौकटीत, एखाद्या बालरोगतज्ज्ञाचं म्हणणं छापावं. शेजारच्या घरात ते कात्रण खिळ्याला लावायला मी स्वतः जाईन.

जाता जाता आणखी एक. आमच्या गावात डासांसाठी धूरफवारणीची गाडी दिवेलागणीला, काही न कळवता येते. डिझेलमध्ये कालवलेलं औषध तळमजल्याच्या खिडक्यांतून थेट घरात शिरतं, आणि पोरं धुरातून गाडीमागे पळत असतात. आदल्या दिवशी घंटागाडीवरून पुकारा केला, तर खिडक्या लावता येतील, मुलं आत घेता येतील. हे मी गेल्या पावसाळ्यातही तुम्हाला लिहिलं होतं. पत्र छापताना नेमका तेवढा परिच्छेद गाळला गेला. या वेळी कृपया तो ठेवावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा