कोलेस्टेरॉल कोणत्या तंतूंनी उतरते, हेही सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला ‘तंतुमय पदार्थ खा’ असा सल्ला दवाखान्यात, आरोग्य शिबिरात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही मिळतो. सल्ला योग्यच आहे. परंतु कोणते तंतू, किती, आणि आपल्या ताटातल्या कोणत्या पदार्थांतून, हे क्वचितच सांगितले जाते. परिणामी आमच्या भागातील अनेक कुटुंबे कोंड्याची बिस्किटे आणि ओट्सची महागडी पाकिटे घरी आणतात आणि डब्यातले उडीद, मठ, चवळी मात्र तसेच पडून राहतात.

गव्हाच्या कोंड्यातील तंतू बहुतांशी पाण्यात न विरघळणारे असतात. पोट साफ राहण्यास ते फार उपयोगी आहेत, पण रक्तातील कोलेस्टेरॉल त्यांनी विशेष उतरत नाही. ते काम करतात पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारे तंतू, म्हणजे ओट्स व जवामधील बीटा-ग्लुकन, इसबगोल, फळांतील पेक्टिन, मेथीदाण्यातील आणि कडधान्यांतील चिकट भाग. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि चरबी पचवून झाल्यावर त्यांतील सुमारे 95 टक्के आतड्यातून परत शोषली जातात. विरघळलेले तंतू यातली काही पित्ताम्ले धरून शौचावाटे बाहेर नेतात, त्यामुळे नवी तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घ्यावे लागते. यकृताच्या पेशींवरील ज्या ग्राहींमार्फत (एलडीएल पकडणाऱ्या रिसेप्टरांमार्फत) हे घडते, त्यांवरील संशोधनासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

भाकरीत तंतू भरपूर आणि पोळीत नाहीत, हा समजही तपासून घ्यावा लागेल. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. मैद्यात मात्र 3 ग्रॅमसुद्धा नसतात. म्हणजे खरे नुकसान चाळणीने आणि मैद्याने होते. शिवाय ज्वारी काय, गहू काय, दोन्हींत विरघळणारा भाग थोडाच असतो. म्हणूनच ज्वारीत अख्खे, सालासकट उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी मला फार मोलाची वाटते, कारण त्यात धान्याला कडधान्याची जोड आपोआप मिळते. तिच्यासोबत भरीत असावे, मठाची किंवा चवळीची उसळ असावी, आणि केळी तर आपल्या जळगाव जिल्ह्याचीच आहेत. शेवभाजीतली शेव हरभऱ्याच्या पिठाची असली, तरी तळणीच्या आणि तर्रीच्या तेलासह ती रोजच्या जेवणात बसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

या उपायाची मर्यादा मात्र लपवू नये. कॅनडातील संशोधकांनी 2014 मध्ये 26 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा रोज सुमारे 130 ग्रॅम, म्हणजे साधारण वाटीभर शिजलेली कडधान्ये खाल्ल्याने एलडीएल सरासरी 5 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्यांचा परिणाम याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे आहार सुधारला म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, विशेषतः ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी. तरीही तंतूंचा लाभ एका आकड्यापुरता नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात, भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये अगदी कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी रोज किमान 25 ग्रॅम तंतूंची शिफारस केली आहे. मात्र हे प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे, नाहीतर पोट फुगते आणि लोक चार दिवसांत कंटाळून सोडून देतात. इसबगोल घेणाऱ्यांनी ते आणि आपली औषधे यांत अंतर किती ठेवावे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

माझी विनंती एवढीच, की आपल्या दैनिकाने आहारतज्ज्ञांच्या मदतीने कळणा, दाळगंडोरी, मठाची उसळ, मेथी, अंबाडी, तसेच सातपुड्यातील नागली-भगर अशा आपल्याकडच्या पदार्थांत तंतू किती आणि त्यांतले विरघळणारे किती, याचा तक्ता वाटी आणि भाकरीच्या मापात प्रसिद्ध करावा. ‘तंतुमय खा’ एवढ्यावर सोडून देण्यापेक्षा असा तक्ता स्वयंपाकघरात भिंतीवर लावता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)