सिस्टर, आईच्या पायांसाठी तुमचे मनापासून आभार

सिस्टर, तुम्हाला समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून चहा टाकता आणि विषयच बदलता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय तुम्ही आईला जे शिकवलंत ते मुंबईतल्या कुठल्याही बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या प्रत्येक बाईला कळायला पाहिजे असं मला खरंच वाटतं.

आमची आई मासे विकते. पहाटे ससून डॉक, तिथून टेम्पोने माहीम, मग दुपारपर्यंत बाजार, आणि या सगळ्यात तिचे पाय कोरडे असे कधी नसतातच, बर्फाचं पाणी, मासे धुतल्याचं पाणी आणि वरून पाऊस. 1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात तेव्हा लोकांना वाटतं यांना आराम, पण बर्फातला माल घेऊन बसावंच लागतं आणि चिखल्या नेमक्या तेव्हाच जोरात. करंगळी आणि बाजूच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोलायची, वास यायचा, रात्री खाजेने झोप नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलेली, लावली की खाज लगेच बंद, सोडली की पहिल्यापेक्षा जास्त, आणि हळूहळू ते तळपायावर पसरलं. तुम्ही चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचलीत आणि म्हणालात यात स्टेरॉइड आहे, खाज दाबतं पण फंगसला रान मोकळं होतं, ही आजपासून बंद.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते इतकं साधं होतं. घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचे आणि जुन्या सुती साडीच्या फडक्याने प्रत्येक बोटाच्या मधलं पुसायचं, नुसतं वरून नाही, आणि तो फडका दुसऱ्या कोणी वापरायचा नाही. पाय पूर्ण कोरडे झाले की मगच साधं क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, दिवसातून दोनदा, साधारण 4 आठवडे, बरं दिसायला लागलं तरी मध्येच सोडायचं नाही. गमबुटाचे दोन जोड, एक घातला की दुसरा उलटा करून वाळत. आई दर पावसाळ्यात मेंदी लावायची, त्यावर तुम्ही हसला नाहीत हे तिला फार आवडलं. तुम्ही म्हणालात मेंदीने जरा कोरडं पडतं म्हणून बरं वाटतं, पण त्या रंगाखाली लाली आलीय की जखम झालीय ते दिसत नाही, म्हणून नको. हे असं कारणासकट आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

टाचेच्या भेगांना आमच्या घरी कोकमतेल लावतात ते तुम्ही चालू ठेवायला सांगितलंत, रात्री कोमट पाण्यात 10 मिनिटं पाय, मग तेल आणि वर सुती मोजे, फक्त बोटांच्या मध्ये तेल लावायचं नाही कारण तिथे ओल नकोच. भेगांचं महत्त्व मला दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबलं तेव्हा कळलं. टेम्पो अडकला आणि आई गुडघाभर पाण्यातून चालत आली, तुम्ही रात्री दारात उभं राहून आधी टाचा बघितल्यात आणि म्हणालात सकाळी उठून पहिलं काम महापालिकेचा दवाखाना. त्या पाण्यात उंदराचं मूत असतं, भेगेतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू आत जातो, आणि डॉक्टरांनी ठरवलेली गोळी 72 तासांच्या आत घ्यायची असते. ताप यायची वाट बघायची नाही हे तुम्ही दोनदा बजावलंत.

पण सगळ्यात मोठे आभार कुरूपासाठी. करंगळीच्या बाजूला कुरूप झालेलं, बाजारातल्या सगळ्या म्हणत होत्या कॉर्न कॅप लाव, आणि बाबा तर ब्लेड गरम करून बसले होते. तुम्ही दोन्ही थांबवलंत. आधी आईला डोळे मिटायला लावून तळव्याला कापसाने हात लावलात आणि विचारलंत कुठे कळतंय, आणि तिला अंगठ्याजवळ काहीच कळत नव्हतं, आम्हाला घरात कोणाला याचा पत्ता नाही, माशाचा काटा जरी रुतला असता तरी तिला समजलं नसतं. शुगर तपासल्यावर ती बरीच वाढलेली निघाली. कॉर्न कॅपमध्ये ॲसिड असतं, चांगली कातडीही जाळतं, आणि शुगर असून पाय बधिर असेल तर त्या जखमेचं काय होतं ते तुम्ही नोकरीत असताना वॉर्डात बघितलेलं, म्हणून तुमचा आवाज तेव्हा जरा चढला होता. बरं झालं चढला. कुरूप डॉक्टरांनी काढलं आणि पुढे दाबणारी चप्पल आम्ही बदलली, कारण दाब तसाच राहिला तर कुरूप परत येतं हे पण तुमचंच.

आता ती रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. कोमट पाणीसुद्धा पायाने नाही, कोपराने बघते. गमबूट घालायच्या आधी आत हात घालून खडा, खवलं काही नाही ना ते तपासते, आणि अनवाणी घरातही चालत नाही. शुगरची गोळी चालू आहे, चिखल्या गेल्या, शांत झोपते.

मी कितीतरी लोकांना घरगुती उपाय सांगताना ऐकलंय, पण कुठला उपाय घरी करायचा नाही हे इतक्या ठामपणे सांगणाऱ्या तुम्हीच भेटलात. रिटायर झाल्यावरही कोणाचे ओले, वासाचे पाय तुम्ही मांडीवर घेऊन बघता, त्याची किळस कधी तुमच्या चेहऱ्यावर दिसली नाही, आणि आईसारखी बाई जी लाजेने साडीच्या खाली पाय लपवायची ती आता बाजारात दुसऱ्यांना पाय दाखवा म्हणते.

त्यातल्या दोघींना तळव्याला मुंग्या येतात आणि त्या दवाखान्यात जायला तयार नाहीत. सिस्टर, एकदा बाजारात याल का? सोमवारी किंवा गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा सगळ्या मोकळ्या असतात. मी न्यायला येते.