हँगओव्हर ठरतो अल्कोहोलवर

मा. संपादक,

घरी आंबवलेल्या बिअरने दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत नाही, हा समज चुकीचा आहे. हँगओव्हर मुख्यतः किती अल्कोहोल पोटात गेलं यावर ठरतो. ६५० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत ते साडेबत्तीस मिली असतं, ८ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ५२. घरच्या बाटलीवर हा आकडाच नसतो.

तो हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने, काढता येतो. आंबवण्याआधी घनता १.०५० आणि आंबणं थांबल्यावर १.०१० आलं, तर फरकाला १३१ने गुणायचं: सव्वापाच टक्के. २० लिटरमध्ये किलोभर साखर जास्त पडली, तर त्यात जवळपास अडीच टक्क्यांची भर पडते आणि चवीवरून ती कळत नाही.

मुंबईचा उकाडा आणखी घात करतो. एल प्रकारची बिअर आंबवणाऱ्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. इथे मे महिन्यात खोलीतच तिशीच्या वर असतं, शिवाय आंबताना भांडं स्वतः काही अंशांनी तापतं. मग फ्यूजल अल्कोहोल (आंबताना बनणारी जड, उग्र अल्कोहोलं) वाढतात, थिनरसारखा वास येतो, घसा जळतो. भांडं पाण्याच्या टबात ठेवून पहिले तीन दिवस गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलणं, हा त्यावरचा साधा इलाज. वास आलाच तर सगळं ओतून द्यावं, मुरवून तो जात नाही.

बाटलीच्या तळाशी बसलेल्या यीस्टमधलं बी जीवनसत्त्व म्हणजे हँगओव्हरवर उतारा नव्हे. गढूळ बिअरने उलट पोट फुगतं.

आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, हे कृपया ठळक छापा.

– एक वाचक, दादर