वसईच्या विजयदिनी वेढ्याचे कष्टही दिसावेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेचे स्मरण केले जाते. अभिवादन होते, मिरवणूक निघते, भाषणे होतात, आणि त्यासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण 1739 मध्ये या तटाखाली नेमके काय घडले, किल्ला पडायला इतके दिवस का लागले आणि तो अखेर कसा पडला, हे कार्यक्रम पाहून घरी परतणाऱ्या मुलाला सांगता येत नाही. हे स्मरण ‘जिवंत इतिहासा’च्या पद्धतीने व्हावे, म्हणजे त्या काळचे काम, वेश, हत्यारे आणि व्यवहार कागदपत्रांच्या आधाराने अभ्यासून माहीतगार माणसांनी लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वसई हा सरहद्दीवरचा किल्ला होता. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला आणि पुढे दोनशे वर्षे वसई त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे राहिली. मराठी कागदांत या मुलखाला फिरंगाण म्हटले आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी मोहीम उघडून ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्याचे बांधकामही पुरे झालेले नव्हते. वसई मात्र तशी हाती येणारी नव्हती. तिच्या बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल असल्यामुळे हल्ल्याला सोयीची अशी उत्तरेकडची वाळूची जमीनच काय ती उरत होती, आणि तिथे मोर्चे, म्हणजे हल्ल्यासाठीचे खंदक आणि आडोसे, बांधायचे म्हणजे तटावरच्या तोफांच्या माऱ्यात वाळू उपसत पुढे सरकायचे. 1739 च्या आरंभी केळवे-माहीम आणि तारापूर पडल्यावर, फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. तारापूरच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच सुमारास इराणचा बादशहा नादिरशहा स्वारी करून दिल्लीत आला होता, त्यामुळे कोकणात गुंतलेली फौज लवकर मोकळी होणे पुण्याच्या पेशव्यांच्या दृष्टीने निकडीचे होते.

या वेढ्याचा निकाल मुख्यतः सुरुंगांनी लावला, आणि आपल्या कार्यक्रमांत नेमके हेच दिसत नाही. बुरुजाच्या पायापर्यंत जमिनीखालून वाट काढायची, कोसळणारी वाळू आधार देऊन थोपवायची, सुरुंगाची दारू कोरडी ठेवायची, आतल्या शिबंदीने, म्हणजे किल्ल्याच्या राखणीच्या सैनिकांनी, उलट खणून सुरुंग निकामी केला तर पुन्हा आरंभ करायचा, हे काम आठवडेच्या आठवडे चालले असेल. मे महिन्यात सेंट सेबास्टियन बुरुजाकडचे सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि मराठे आत घुसले. पण एक सुरुंग उशिरा पेटल्याने त्यात मराठ्यांचीच मोठी हानी झाली. तरीही ते मागे हटले नाहीत. तोफेने माझे मस्तक किल्ल्यात फेका, अशा आशयाचे जे उद्गार चिमाजी अप्पांच्या तोंडी घातले जातात, ते आख्यायिका म्हणून अवश्य सांगावेत; परंतु सुरुंग खणणाऱ्या बेलदारांची, रसद वाहणाऱ्यांची आणि खाडीतली नाकेबंदी सांभाळणाऱ्या खलाशांची हकिकत आख्यायिकेची नाही, आणि ती सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात टिकोंडेरोगा नावाचा असाच एक सरहद्दीवरचा किल्ला आहे. फ्रेंचांनी तो बांधला आणि 1758 मध्ये तिथे ब्रिटिशांशी मोठी लढाई झाली. तिथे किल्ल्याच्या इतिहासातले एखादे वर्ष निवडून त्या वर्षीच्या शिबंदीचे जीवन उभे केले जाते. कपडे बेतणे, जोडे शिवणे, सुतारकाम अशी रोजची कामेही पाहुण्यांसमोर चालतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जातात. लढाई दाखवायची तर तिच्याआधीचे दिवस दाखवावे लागतात, हा त्यातला धडा आपल्याला घेण्यासारखा आहे. वसईत तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडणारी, बंदूक कशी भरत आणि एका बारानंतर दुसरा बार काढायला किती वेळ लागे, हे नुसते पाहिले तरी खिंडारात शिरणे म्हणजे काय असते याची कल्पना येईल. वेशभूषेचा आधार मात्र दूरचित्रवाणीवरील मालिका असू नयेत. पेशवे दफ्तरातील मोहिमेची पत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत, पोर्तुगीज बाजूचे कागद आहेत. मराठी आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या अभ्यासकांनी एकत्र बसून आधी संहिता तयार करावी.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे दाखवली पाहिजे. तटाच्या आत केवळ सैनिक नव्हते, कुटुंबे होती, पाद्री होते, चाकर होते, आणि आज वसईत राहणाऱ्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज त्याच मुलखात राहत होते. पोर्तुगीजांच्या शरणागतीच्या कलमांनुसार शिबंदीला हत्यारांसह, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले, कुटुंबांना आपली चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची हमी देण्यात आली. विजयाइतकेच हे कलमांचे वाचन महत्त्वाचे आहे असे मी मानतो. ते मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत, ज्या दरवाजातून लोक आत येतात तिथेच व्हावे आणि त्यात वसईच्या ख्रिस्ती समाजातील मंडळींना मानाने सहभागी करून घ्यावे. इथल्या चर्चमधील काही घंटा पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ आणि भीमाशंकर येथे त्या आजही पाहायला मिळतात. तीही गोष्ट न लपवता सांगितली जावी.

तारखेचाही विचार करावा लागेल. तेव्हाच्या इंग्रजी नोंदी जुन्या (ज्युलियन) कालगणनेने, तर पोर्तुगीज नोंदी नव्या (ग्रेगोरियन) कालगणनेने लिहिल्या गेल्या असून दोहोंत 11 दिवसांचा फरक पडतो. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा पुस्तकांत आढळतात. संयोजकांनी कोणती कालगणना धरली, हे फलकावर स्पष्ट लिहावे.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. म्हणून दारूकामाचा धक्का बसेल असे काहीही तटाजवळ करू नये, भिंतींत खिळे ठोकू नयेत आणि सुरुंगाचे प्रात्यक्षिक लाकडी चौकटीच्या लहान प्रतिकृतीवरच दाखवावे. आवाजासाठी खरी दारू लागत नाही, तिथे ढोलही चालतो. पहिल्या वर्षी एकच मोर्चा, एक तोफखान्याचा गट, खाडीत एक होडी आणि शरणागतीच्या कलमांचे वाचन, एवढेच केले तरी पुरेसे होईल. महानगरपालिकेने येत्या मे महिन्याची वाट न पाहता पावसाळा सरताच पुरातत्त्व खात्याकडे परवानगीचा अर्ज करावा आणि अभ्यासकांची समिती नेमावी. शाळांतील इतिहासाच्या शिक्षकांनाही तिच्यात घ्यावे.

आपला नम्र,
एक इतिहासप्रेमी वाचक